अमोघवर्ष नृपतुंग : लढला कमी, टिकला जास्त

ताम्रपटवाला

नवव्या शतकातल्या मोठ्या माणसांची यादी करायला बसलं की ठरलेली नावं पुढे येतात. युरोपातून शार्लमेन आणि आल्फ्रेड, बगदादहून हारून अल-रशीद आणि अल-मामून, आपल्याकडून कनोजचा प्रतिहार राजा मिहिरभोज आणि बंगालचा देवपाल. दख्खनमधून कोण, असं विचारलं की मंडळी एकमेकांकडे बघतात. शाळेच्या इतिहासात सातवाहन, मग वाकाटक आणि मग थेट देवगिरीचे यादव. मधली काही शतकं महाराष्ट्र जणू सुट्टीवर होता! राष्ट्रकूटांच्या वाट्याला एक परिच्छेद, त्यात वेरूळचं कैलास लेणं, की विषय मिटला.

म्हणून हा धागा राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याच्यावर. इ. स. ८१४ ते ८७८, म्हणजे सुमारे चौसष्ट वर्षं तो गादीवर होता. सुलेमान व्यापाऱ्याच्या नावावर ओळखला जाणारा अरबी वृत्तांत ८५१ चा. त्यात जगातले चार थोर राजे मोजलेत : अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा (म्हणजे बायझंटाईन) बादशहा आणि चौथा 'बलहरा'. बलहरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचं बिरुद. त्या वर्षी ते बिरुद अमोघवर्षाकडे होतं. वृत्तांत म्हणतो की बलहराकडे हत्तीघोडे अमाप आहेत, फौजेला तो नियमित पगार देतो आणि त्याच्याकडचे लोक मानतात की अरबांशी स्नेह असल्यामुळेच आपले राजे पन्नास-पन्नास वर्षं राज्य करतात. कारण काहीही असो, आकडा बरोबर लागला!

आता माणसाकडे येतो. बाप तिसरा गोविंद. त्याच्या घोड्यांनी हिमालयाच्या झऱ्यांचं पाणी प्यायलं आणि बंगालचा धर्मपाल व कनोजचा चक्रायुध आपणहून शरण आले, असं संजाणचा ताम्रपट सांगतो. याच उत्तरेच्या स्वारीवरून परतताना, ८०० च्या सुमारास, भडोचकडच्या श्रीभवन इथे छावणी असताना मुलगा झाला. तेच आजचं सरभोण. गोविंद ८१४ ला गेला तेव्हा पोरगं जेमतेम चौदा वर्षांचं. चुलतभाऊ कर्क गुजरात सांभाळत होता, त्याच्यावर कारभाराची जबाबदारी. दोन-चार वर्षांत मांडलिकांनी आणि आप्तांनी मिळून असं बंड केलं की पोराची गादी गेली. ती कर्काने परत मिळवून दिली, ८२१ च्या आधी.

म्हणजे ज्या वयात राजपुत्र शिकार शिकतात, त्या वयात हा पदच्युत होऊन पुन्हा राजा झाला होता. पुढे आयुष्यभर त्याने बापासारखी दिग्विजयाची हौस केली नाही. आंध्रातल्या वेंगीच्या चालुक्यांशी विंगवल्लीला मोठी लढाई मारली, त्याचं कौतुक त्याच्या वंशजांच्या ताम्रपटांतही येतं. दक्षिण कर्नाटकातल्या गंग राजांशी बरीच वर्षं झुंज चालली, शेवटी त्यांच्या बूतुगाला मुलगी चंद्रोबलब्बे दिली आणि भांडण संपवलं. राजधानी मान्यखेट, आजचं कर्नाटकातलं मळखेड, त्याने वसवली की वाढवली यावर वाद आहे, पण इंद्राच्या नगरीला लाजवेल असं शहर त्याने केलं हे पुढच्या ताम्रपटात नोंदलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच : या माणसाचं मोठेपण मुलूख जिंकण्यात शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. त्याच्या आसपास कोण कोण बसून काय काय लिहीत होतं, ते बघायला हवं. बोला मंडळी.


लातूरकर

मस्त धागा. आमचा मुद्दा आधीच मांडून ठेवतो. ८६६ च्या शिरूरच्या शिलालेखात अमोघवर्षाला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हटलंय. लट्टलूर म्हणजे आमचं लातूर. मूळ गाव आमचं, राजधानी कुठेही का असेना! (ते शिरूर पुण्याजवळचं नव्हे बरं का, कर्नाटकातलं आहे. नाहीतर घोडनदीची मंडळी यायची.)


सीमावासी

लातूरकर, मूळ गाव तुमचं मान्य, पण याच राजाच्या दरबारात 'कविराजमार्ग' तयार झाला, कन्नडमधला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ. नाव नृपतुंगाचं, लिहिणारा बहुधा दरबारी कवी श्रीविजय. त्यात कन्नड नाडूची हद्द दिली आहे, कावेरीपासून गोदावरीपर्यंत. नांदेड-पैठणपर्यंत आले की हो ते! आता आमच्या भागात हे वाक्य कुणी मोठ्याने म्हटलं तर पुढच्या चौकात दुसरं कुणी उलट घोषणा देतं, तो भाग वेगळा.


ताम्रपटवाला

सीमावासी, हद्दीचं ते वाक्य खरं आहे आणि त्याला घाबरायचं कारण नाही. नवव्या शतकात मराठीचं ग्रंथवाङ्मय उभं राहायचं होतं. दरबारात संस्कृत, प्राकृत आणि कन्नड चालत होतं. गोदाकाठी त्या वेळी लोक घरात काय बोलत होते हा वेगळा प्रश्न, आणि राजाच्या कवीने काढलेली हद्द काही तलाठ्याचा उतारा नव्हे. अमोघवर्षाचे ताम्रपट गुजरातेत सापडतात, शिलालेख धारवाड-गदगकडे, आणि त्याचे मांडलिक मुंबईशेजारी कान्हेरीला दानं नोंदवतात. त्याला एका राज्याच्या गॅझेटमध्ये बसवायचा हट्ट केला तर दोन्हीकडून हात-पाय बाहेर राहतील.


करवीरकर

आमच्या अंबाबाईचा उल्लेख कसा आला नाही अजून? अमोघवर्षाने प्रजेवरचं संकट टळावं म्हणून आपलं बोट कापून देवीला वाहिलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय.


शंकासूर

बोट कापलं वगैरे प्रशस्तीतली अतिशयोक्ती असणार. हिमालयात घोडे पाणी पितात त्याच जातीची. शिवाय राजा जैन होता म्हणतात. जैन राजा देवीला बोट वाहतो?


ताम्रपटवाला

दोघांनाही एकदम उत्तर देतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच ताम्रपटाशी येऊन थांबतात.

संजाण ताम्रपट, शके ७९३, म्हणजे इ. स. ८७१. संजाण आजच्या गुजरातेत, पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं. त्या भागातल्या चोवीस गावांच्या गटातलं झरिवल्लिका नावाचं गाव चार ब्राह्मणांना दिल्याची ही सनद. दान एका गावाचं, पण त्याआधी वंशाचं वर्णन लांबच लांब. त्यात हा श्लोक येतो. मतितार्थ असा : जीमूतवाहनाने सापाला वाचवायला देह दिला, शिबीने कबुतरासाठी, दधीचीने मागणाऱ्यासाठी. त्यांनी प्रत्येकी एकेकालाच तृप्त केलं. वीरनारायणाने मात्र लोकांवरचा उपद्रव शमावा म्हणून महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचं बोट दिलं. वीरनारायण हे अमोघवर्षाचंच बिरुद.

करवीरकर, श्लोकात 'महालक्ष्मी' आहे, 'कोल्हापूर' नाही. कोल्हापूरची म्हणायला आधार परंपरेचा आणि त्या देवस्थानाच्या लौकिकाचा, आणि बहुतेक अभ्यासकांनी तसंच धरलंय. आता डहाणूची महालक्ष्मीही संजाणपासून दूर नाही, हे मी फक्त कानावर घालतो. भांडायचं असेल तर डहाणूकरांशी भांडा.

शंकासूर, अतिशयोक्ती म्हणून सोडून द्यायला माझं मन होत नाही. हा पट राजाच्या हयातीतला आहे. दहाही बोटं शाबूत असलेल्या राजाच्या दरबारात बोट दिल्याचा श्लोक कोरून जाहीर करणं अवघडच. हिमालयाचा झरा कुणी तपासायला जात नाही, राजाचा डावा हात मात्र रोज दरबारात दिसतो. याच ताम्रपटात एका गुप्त राजाला टोमणा आहे, भावाला मारून राज्य आणि त्याची राणी घेतली, वर लाखाचे कोटी लिहून दाता म्हणवून घेतलं, असा. रोख दुसऱ्या चंद्रगुप्ताकडे आहे असं मानतात. जुन्या सम्राटाला दानाच्या हिशेबावरून खिजवणारा लेखक आपल्या राजाच्या दानाबद्दल थोडा तरी जपून लिहीत असेल.


श्रुतदेवी

राजा जैन होता का, या प्रश्नावर थोडं. आदिपुराण लिहिणाऱ्या आचार्य जिनसेनांचा शिष्य गुणभद्र उत्तरपुराणात लिहितो की जिनसेनांच्या पायांवर मस्तक ठेवून अमोघवर्ष स्वतःला पवित्र समजत असे. गुरू कोण होता हे यातून कळतं. पण त्याच राजाला ताम्रपटात वीरनारायण म्हणतात आणि तो महालक्ष्मीला बोट देतो. आपल्याला अर्जातल्या 'धर्म' रकान्याची सवय, त्याच्या काळी तसा अर्ज नव्हता. वेरूळला जाऊन चढणीवरून उत्तरेकडे चालत या, शेवटी इंद्रसभा आणि जगन्नाथसभा ही जैन लेणी लागतात, साधारण याच काळातली. अलीकडे कैलास, त्याच्याही अलीकडे बौद्ध विहार.

जिनसेनांबद्दल एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांचे गुरू वीरसेन. त्यांनी षट्खंडागम या जैन आगमग्रंथावर 'धवला' ही प्रचंड टीका लिहिली, मग कसायपाहुड या दुसऱ्या जैन ग्रंथावर 'जयधवला' सुरू केली, ती वीस हजार श्लोकांएवढी झाली आणि ते गेले. उरलेले चाळीस हजार जिनसेनांनी लिहून शके ७५९ ला, म्हणजे ८३७ मध्ये पुरी केली. मग जिनसेनांनी आदिपुराण हाती घेतलं, बेचाळीस पर्वं लिहून त्रेचाळिसाव्याला हात घातला आणि तेही गेले. ते गुणभद्राने पुरं केलं. तीन पिढ्यांचं काम आहे हे, आणि प्रत्येकाने आधीच्याचं अर्धवट काम निमूट उचललं.

धवला-जयधवलेच्या ताडपत्री पोथ्या शतकानुशतकं मूडबिद्रीच्या मठात राहिल्या. भाविकांनी दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही. त्या छापून बाहेर आल्या त्या १९३९ पासून, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनात, आणि कुठून? अमरावतीहून. विदर्भातल्या मंडळींनी यावर थोडी मान ताठ करायला हरकत नाही.

आणि हेच जिनसेन गंमत म्हणून काय करतात बघा. 'पार्श्वाभ्युदय' नावाचं काव्य, ३६४ श्लोक. प्रत्येक श्लोकात कालिदासाच्या मेघदूताची एक किंवा दोन चरणं जशीच्या तशी घातलेली, बाकीची स्वतःची. यक्षाच्या विरहाच्या ओळी घेऊन त्यांतून पार्श्वनाथांची तपश्चर्या आणि वैऱ्याने केलेला उपसर्ग, म्हणजे छळ, सांगायचा. अख्खं मेघदूत त्यात उतरलंय, त्यामुळे मेघदूताचा जुना पाठ ठरवायलाही विद्वानांना ते उपयोगी पडलं. शृंगाराच्या ओळी वैराग्याच्या कामाला जुंपणारा हा संन्यासी मला दिग्विजयी राजांपेक्षा जास्त धीट वाटतो.


गणितवेडी

माझी पाळी! महावीराचार्य कुणी घेतले नाहीत म्हणजे कमाल आहे. (तीर्थंकर महावीर नव्हेत, ते कितीतरी आधीचे.) 'गणितसारसंग्रह', साधारण ८५०. सुरुवातीलाच नृपतुंगाच्या राज्याची भरभराट होवो अशी प्रार्थना आहे. आणि तो प्रसिद्ध श्लोक :

बहुभिर्विप्रलापैः किं त्रैलोक्ये सचराचरे ।
यत्किञ्चिद्वस्तु तत्सर्वं गणितेन विना न हि ॥

फार बडबड कशाला, चराचरात जे काही आहे ते गणिताशिवाय नाही. मी हे वर्गात फळ्यावर लिहिते, मुलं त्यानंतरही बडबड करतात.

आर्यभट, ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांत गणित हा ज्योतिषाचा एक भाग. महावीराने ग्रहतारे बाजूला ठेवून नुसत्या गणितावर ग्रंथ लिहिला. व्याज, सोन्याचा कस, भागीदारी, खड्ड्याचं घनफळ, सगळं. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचा लघुत्तम सामाईक विभाज्य घ्यायचा, त्याला तो 'निरुद्ध' म्हणतो. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती मुळात कशाचा वर्गच नाही, हे स्पष्ट सांगतो. n वस्तूंतून r वस्तू किती प्रकारे निवडता येतील याचा सर्वसाधारण नियम देतो. चुकतोही. शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते, असं लिहून गेलाय. दहावीच्या पेपरात गुण कापले असते.

त्याची गणितं रुक्ष नसतात. एक देते, सोडवा : नवरा-बायकोच्या लाडिक भांडणात मोत्यांची माळ तुटते. एक तृतीयांश मोती एकीकडे गेले, एक षष्ठांश दुसरीकडे. उरले त्यांच्या निम्मे विखुरले, मग उरलेल्यांच्या निम्मे, असं लागोपाठ सहा वेळा. शेवटी दोऱ्यात ११६१ मोती राहिले. माळेत एकूण किती?


डोंगरवारे

गणित नंतर बघतो. मी बोरिवलीचा, म्हणून कान्हेरीचं सांगतो. कान्हेरीत अमोघवर्षाचं नाव असलेले लेख आहेत, कोरवून घेतलेले त्याच्या मांडलिकांच्या, उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात. शके ७६५ चा, म्हणजे ८४३ चा लेख महासामंत पुल्लशक्तीच्या वेळचा. त्यात एका वृद्ध अमात्याने कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्याच, बौद्ध संघाला द्रम्म (तेव्हाची नाणी) दिलेत : काही बुद्धाच्या पूजेला, काही विहाराच्या डागडुजीला, काही भिक्षूंच्या चीवरांना आणि काही पोथ्यांना. पोथ्यांसाठी वेगळी तरतूद, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आजच्या किती देणगीदारांना पुस्तकं सुचतात?

पुढे शके ७७५ चा लेख कपर्दीच्या वेळचा. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक ध्यानासाठी खोल्या करवतो आणि शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवतो. तेव्हा देशात बौद्ध धर्म ओसरत चालला होता असं आपण सरसकट म्हणतो. इथे मात्र जिनसेनांच्या शिष्याच्या राज्यात, शैव शिलाहारांच्या मुलखात, बंगालचा माणूस येऊन बौद्ध विहारात पैसे ठेवतोय. रविवारी लेण्यांत भेळ खायला येणाऱ्या गर्दीला यातलं काही दिसत नाही, कारण लेख छताखाली आणि पाटी बाहेर.


रणधुमाळी

सगळं ठीक आहे, पण राजा म्हणून हा माणूस कमकुवतच होता असं माझं मत. बापाने मिळवलेली उत्तरेतली पकड गेली. गंगांना आवरता आलं नाही, मुलगी द्यावी लागली. गुजरातच्या भाऊबंदांशी पंचवीस वर्षं भांडत बसला, आणि ते कोण, तर ज्या कर्काने गादी परत मिळवून दिली त्याचीच पोरं! कर्काचा मुलगा ध्रुव याच भांडणात रणात पडला. कृतज्ञता म्हणून काही असतं. त्याच वेळी तिकडे मिहिरभोज बघा, ८३६ ला गादीवर येऊन पन्नासेक वर्षं कनोज गाजवतोय. आणि मिहिरभोज मुळात कोण होता हे तर सर्वांना


संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा शेवटचा भाग आणि त्यावरचे सात उपप्रतिसाद उडवले आहेत. मिहिरभोजाची जात हा या धाग्याचा विषय नाही. त्या विषयावर उत्तरेत रस्त्यावर जे चाललंय तेवढं पुरे. राजाच्या कारभारावर जरूर लिहा.


ताम्रपटवाला

आभार, संपादक. रणधुमाळी, तुमचा मूळ मुद्दा मात्र बिनतोड आहे, त्याला टाळून पुढे जाणार नाही.

गुजरातच्या शाखेशी वैर हा त्याच्या राजवटीवरचा खरा डाग. कारण काय होतं ते कुठल्याही पटात सरळ लिहिलेलं नाही. पण शेवट बघा. ८६० च्या सुमारास तह झाला. ८६७ च्या बगुम्रा ताम्रपटात कर्काचा पणतू दुसरा ध्रुव सांगतो की चालून आलेल्या गुर्जर फौजेला आपण परतवलं, आणि त्या फौजेचा राजा तुमचा मिहिरभोज. मिहिरभोजाची घोडदळं देशात सर्वांत चांगली, हे तो अरबी वृत्तांतही मान्य करतो. तरी नर्मदा-तापीच्या खाली त्याची डाळ शिजली नाही. भाऊबंदांशी वेळेवर मिटवलं, म्हणून ती सीमा टिकली.

मुलगी देणं ही हार, हे मला पटत नाही. पुढच्या शतकात चोळांविरुद्ध गंग राष्ट्रकूटांच्या खांद्याला खांदा लावून लढले. लढाईत गेलेल्या वर्षांपेक्षा त्या लग्नाने दख्खनला जास्त दिलं. बापाने उत्तर जिंकली म्हणता, तर ती राहिली किती दिवस? गोविंदाची पाठ वळली आणि कनोजवर पुन्हा प्रतिहार-पालांची झोंबाझोंबी सुरू. लूट मिळाली, कीर्ती मिळाली, मुलूख नाही. अमोघवर्षाने तो जुगार खेळला नाही यात मला शहाणपण दिसतं.


हावेरीचा_मराठा

रणधुमाळींना वीर पुरुष हवे असतील तर आमच्या बंकेयाकडे या. बंकापूर माझ्या गावापासून जवळ. ते गाव त्याच्या नावाचं. आज तिथल्या किल्ल्यात मोरांचं अभयारण्य आहे, सकाळी गेलात तर बुरुजाच्या ढासळलेल्या दगडांवर मोर बसलेले असतात आणि त्यांच्या ओरडण्यापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

बंकेय म्हणजे अमोघवर्षाचा सेनापती आणि बनवासी बारा हजार या प्रांताचा अधिकारी. कोन्नूरच्या शिलालेखात त्याची गोष्ट आहे. राजाने त्याला गंगांवर पाठवलं. बाकीच्या सरदारांनी हेव्यापोटी साथ सोडली, तरी त्याने कैदाळचा किल्ला घेतला. कावेरी ओलांडून पुढे जाणार, तेवढ्यात राजाचा निरोप : घरातच बंड झालंय, परत ये. बंडाच्या बाजूला राजपुत्र स्वतः होता. बंकेयाने प्रतिज्ञा केली, तीन महिन्यांत शत्रू मोडले नाहीत तर अग्निप्रवेश करीन. मुदतीच्या आत बंड मोडलं. बक्षीस म्हणून त्याने काय मागितलं? कोळनूरला, म्हणजे कोन्नूरलाच, आपण बांधलेल्या जिनालयासाठी एका गावाचं दान. राजाने ८६० मध्ये ते दिलं. आपण वाचतो तो दगड त्या दानाच्या ताम्रपटाची पुढे काही शतकांनी करून ठेवलेली नक्कल. देवळाच्या जमिनीचे कागद सांभाळायची कळकळ तेव्हाही होती.


शंकासूर

म्हणजे राजपुत्र बंडात होता. तोच पुढे दुसरा कृष्ण म्हणून गादीवर आला काय?


हावेरीचा_मराठा

लेखात राजपुत्राचं नाव नाही. कृष्ण असावा असं काही जण म्हणतात, दुसरा एखादा मुलगा असंही काही जण. नाव गाळलंय यावरून तो पुढे मोठा झाला असावा असं मला वाटतं, पण हा तर्क झाला.


चहाबाज

१,४८,६०८. शेवटून उलटं गेलो. ११६१ ला सहा वेळा दुप्पट केलं की ७४,३०४. एक तृतीयांश आणि एक षष्ठांश मिळून निम्मे होतात, म्हणजे हे उरलेले निम्मे. पुन्हा दुप्पट. गणितवेडीताई, दीड लाख मोत्यांची माळ गळ्यात घालायची की गळा माळेत ठेवायचा? भांडण लाडिक होतं म्हणे!


गणितवेडी

शाब्बास, उत्तर तेच. मान्यखेटच्या श्रीमंतीवर शंका घेऊ नका.


श्रुतदेवी

रणधुमाळींच्या 'कमकुवत' शेऱ्यावर अजून एक नोंद. शाकटायन नावाच्या जैन वैयाकरणाने व्याकरण लिहिलं आणि स्वतःच त्यावर टीका लिहिली, तिचं नाव अमोघवृत्ती. बोलणाऱ्याच्या हयातीत घडलेली प्रसिद्ध घटना कुठल्या भूतकाळात सांगावी, या नियमाला उदाहरण दिलंय : 'अदहदमोघवर्षोऽरातीन्', अमोघवर्षाने शत्रूंना जाळलं. त्यावरून व्याकरणकार त्याच्याच काळातला हे पक्कं झालं. राजाचा पराक्रम व्याकरणाच्या नियमाला उदाहरण म्हणून उरावा, असा हा दरबार.

आणि 'प्रश्नोत्तररत्नमालिका'. छोटे प्रश्न, छोटी उत्तरं. काही हस्तलिखितांत ती शंकराचार्यांच्या नावावर आहे, काहींत विमल नावाच्या जैन कवीच्या. पण एका परंपरेत शेवटच्या श्लोकात म्हटलंय की विवेकाने राज्य सोडलेल्या अमोघवर्ष राजाने ही रचली, आणि तिबेटी भाषांतरातही श्रेय राजालाच दिलंय. संजाणचा पटही म्हणतो की त्याने एकदा नव्हे, पुनःपुन्हा राज्य सोडलं. म्हणजे मधूनच कारभार दुसऱ्यावर सोपवून हा मुनींच्या सहवासात जाऊन राहत असावा.


रणधुमाळी

राजाने रजेवर जायचं आणि सेनापतीने अग्निप्रवेशाची प्रतिज्ञा करायची. माझं मत कायम आहे. पण बंकेय आवडला. बरं, मळखेडला बघण्यासारखं काही उरलंय का?


सीमावासी

उरलंय, पण इंद्रनगरीच्या अपेक्षेने जाऊ नका. कलबुर्गी जिल्हा, सेडम तालुका. वाडी जंक्शनहून सिकंदराबादच्या बाजूला निघालं की मळखेड रोड स्टेशन लागतं. कागिणा नदीच्या काठी किल्ला आहे, बराचसा नंतरच्या काळातला. गावात नेमिनाथाची जुनी बसदी, म्हणजे जैन मंदिर, आहे, ती चुकवू नका. नदीकाठी माध्व संप्रदायाच्या जयतीर्थांचं वृंदावन (समाधी), तिकडे भाविकांची गर्दी असते. बाकी आसपास शहाबादी फरशीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने. मार्च उलटला की उन्हाने डोकं फिरतं, डिसेंबरात जा.


लातूरकर

आणि त्याच्यानंतर काय झालं ते कुणी सांगेल का? ८७८ ला थांबलो आपण.


ताम्रपटवाला

दुसरा कृष्ण आला, आणि वेंगीच्या गुणग विजयादित्याने त्याला सळो की पळो करून सोडलं, किरणपूर जाळलं. कृष्णाला सासरच्या, त्रिपुरीच्या कलचुरींच्या आधाराने उभं राहावं लागलं. गुजरातची शाखाही त्याच्याच काळात संपली. बंकेयाचं घराणं मात्र भरात होतं. ८९८ मध्ये गुणभद्राचं उत्तरपुराण बंकापूरला थाटाने पूजलं गेलं तेव्हा तिथे बंकेयाचा मुलगा लोकादित्य अधिकारी होता. राष्ट्रकूटांचे घोडे पुन्हा कनोजला पोचले ते तिसऱ्या इंद्राच्या वेळी, पण ते दहावं शतक. त्यावर रणधुमाळींनी धागा काढावा, मी प्रतिसाद द्यायला येतो.